आधी रक्त वजा करा

आमच्या मॅडमना कुठलीही गोष्ट जशी आली तशी घ्यायची सवयच नव्हती. त्यांच्यासमोर आकडा ठेवा, बातमी ठेवा, कुणाची स्तुती ठेवा, त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "यातलं रक्ताचं किती?" नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. कंपनीतल्या हुशार मंडळींनी त्यांचं नाव 'वजा मॅडम' ठेवलं होतं आणि ते नाव निघालं की कँटीनमध्ये हशा पिकायचा. मला त्या हशाचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कशाला हसतोय हे ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते चांगलंच ठाऊक होतं.

चाकणच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गर्दीत आमची प्रयोगशाळा आहे. बाहेरून गोदाम वाटते. आत पिंजऱ्यांच्या रांगा आणि त्यांत पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. औषध माणसाला देण्याआधी त्यांना देऊन पाहायचं, हा आमचा धंदा. मॅडमचा विभाग हाडांच्या आतला. मांडीचं हाड म्हणजे नळी आणि त्या नळीत मज्जा, जिथे रक्त तयार होतं. औषध त्या मज्जेपर्यंत किती पोचतं हे आम्ही मोजायचो. ऐकायला सोपं आहे. पण रक्त मज्जेत नुसतं तयार होत नाही, ते तिच्यातून सतत वाहतही असतं. मज्जा काढली की हे वाहतं रक्त तिच्याबरोबर येतं आणि त्या रक्तातलं औषधही येतं. म्हणून मज्जेत मुळात रक्त किती आहे ते वेगळं मोजायचं, त्याच्या वाट्याचं औषध वजा करायचं, आणि मग उरेल ते मज्जेचं. मॅडमची सगळी नोकरी या एका वजाबाकीत गेली.

मला ती वजाबाकी त्यांनी बसमध्ये शिकवली. मी रहाटणीहून कंपनीच्या बसने यायचे, त्या मोशीला चढायच्या आणि माझ्या शेजारी बसायच्या. एका सकाळी बस चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकली. कंटेनर, टेम्पो, कामगारांच्या बसेस, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या. मॅडमनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"एवढ्या सगळ्या गाड्या चाकणच्या का गं?"

"चाकणमध्येच आहेत की, मॅडम."

"चाकणमध्ये आहेत. चाकणच्या आहेत का? सिग्नल सुटला की हा नाशिकला जाईल आणि तो तळेगावला. आत्ता फोटो काढून तू म्हणालीस, चाकणची वस्ती एवढी, तर लोक तुला काय म्हणतील?"

"वेडी म्हणतील."

"आणि हेच रिपोर्टात लिहिलंस तर सीनियर सायंटिस्ट म्हणतील," असं म्हणून त्यांनी डब्यातली आवळासुपारी माझ्या हातावर ठेवली. मी महाविद्यालयात शिकले ते बरंचसं विसरले, हा चौक मात्र विसरले नाही.

कामाला त्या उभ्या राहिल्या की मऊ आवाजाच्या मॅडम वेगळ्याच व्हायच्या. एका उंदराच्या लाल पेशी काढून त्यांना चमकणारा रंग लावायचा, मग त्या दुसऱ्याच्या शेपटीच्या शिरेतून आत सोडायच्या, रक्तात नीट मिसळू द्यायच्या. पुढे मज्जेत ती चमक किती सापडते त्यावरून तिथे रक्त किती होतं ते कळतं. शीर फुगावी म्हणून शेपटी कोमट पाण्यात धरायची असते. त्या पाण्यात त्या आधी स्वतःचं मनगट बुडवून बघायच्या, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. "बस हां, झालंच," असं उंदराशी पुटपुटायच्या. कुणी जनावर करकचून धरलं तर ओरडायच्या, "अरे, उंदीर आहे तो, बोल्ट नाही आवळायचा!" नंतरची घाई मात्र जीवघेणी. हाड उघडं पडलं की रक्त गळायला लागतं आणि माप खोटं होतं, म्हणून पाय अख्खाच गोठवायचा आणि मज्जा गोठलेली असतानाच काढायची. त्या वेळी मध्ये कुणी आलं, मग ते साहेब का असेनात, तर मॅडम कोपराने बाजूला सारत. आमच्या साहेबांना विनोदाची भारी हौस. "काय मॅडम, आज मज्जेत काय मज्जा?" असं ते दारातून विचारायचे. इतक्या वर्षांत त्यांना दुसरा विनोद सुचला नाही.

प्रयोगशाळेत एक गुळगुळीत शब्द आहे, सॅक्रिफाइस. उंदीर मारला असं कुणी म्हणत नाही, तो 'सॅक्रिफाइस झाला' म्हणतात. मॅडमना हा शब्द चालायचा नाही. नवा पोरगा किंवा पोरगी तसं बोलली की त्या हातातलं काम थांबवायच्या. "झाला? आपोआप झाला? गेला होता का तो नवस बोलायला? 'आपण मारला' म्हणायचं. मराठीत कर्ता असतो, तो खाऊ नका." मी पहिल्यांदा "आपण मारला" म्हटलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. त्या म्हणाल्या, "पडू दे. ज्या दिवशी पडायचा थांबेल त्या दिवशी पॅकिंगमध्ये बदली मागून घे."

आता मोशीतल्या त्यांच्या सोसायटीची गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग फक्त कंपनीवर नाही हे कळेल. तिथे सार्वजनिक गणपती बसतो आणि रोज एका घराकडे प्रसाद असतो. मॅडम राजापूरकडच्या, उकडीचे मोदक त्यांच्या हातचे खावेत. त्यांची पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. मी तेव्हा नारळ खोवायला त्यांच्याकडे गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

"राग नका मानू हं, पण ग्रुपवर चर्चा झाली. तुमचं काम ते तसलं. उंदीर म्हणजे बाप्पाचं वाहन. काही जणांच्या भावना असतात ना."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खरंय काकू. पण खाली पार्किंगमध्ये विषाच्या गोळ्या टाकल्यात त्या कुणाच्या वाहनासाठी?"

काकू पाठ फिरवून गेल्या. अशा प्रश्नाला उत्तर लागत नाही, बहुमत असलं की पुरतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीने मिठाईच्या दुकानातून पेढे आणले. मी तेव्हाही त्यांच्याकडेच होते, संतापून काय काय बोलले. मॅडम पारी वळत होत्या. म्हणाल्या, "मारते मी, हे तिने खोटं नाही सांगितलं." मग त्यांनी घरच्या गणपतीपुढे नैवेद्य मांडला. मूर्तीच्या पायाशी जो मातीचा उंदीर असतो, त्याच्यासमोर एक अगदी चिमुकला मोदक आधी ठेवला आणि मग बाप्पाचं पान वाढलं. हा क्रम त्यांच्याकडे दरवर्षीचाच, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांना भावना होत्या त्यांच्यापैकी एकाच्याही घरी त्या उंदराला कुणी काही वाढलं असेल असं मला वाटत नाही.

मग ते औषध आलं. कुणाचं, कसलं, ते सांगत नाही. मज्जेत जाऊन मुरणारं औषध असा त्याचा डंका होता, एवढं पुरे. साहेब हवेत होते. मॅडमनी आराखडा पाहिला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "यात रक्त मोजायचे उंदीर कुठे आहेत?"

ते कुठेच नव्हते. वेळ वाचवायला साहेबांनी ते काढून टाकले होते. "मज्जेत रक्त किती याचा आकडा पुस्तकात आहे की," ते म्हणाले. "तोच घालू."

"पुस्तकातला उंदीर केव्हाच मेला, साहेब. आपला पिंजऱ्यात आहे, माप त्याचं घ्यायला हवं. मांडीच्या हाडात वेगळं असतं, बरगडीत वेगळं. आणि या औषधाने नळीतल्या रक्तवाहिन्याच फुगल्या तर? मग तो जुना आकडा काय कामाचा?"

साहेबांनी तेव्हा एक वाक्य टाकलं आणि ते स्वतःवर इतके खूश झाले की नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले. "कमाल आहे मॅडम! एरवी तुम्हीच प्राणी वाचवा म्हणता आणि आता तुम्हीच जास्त मागता!"

साहेबांसमोर मॅडमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. "आज थोडे जास्त मारा, साहेब. नाहीतर उद्या सगळेच्या सगळे परत मारावे लागतील. उत्तर चुकलं तर हे सगळे फुकट जातील. फुकट!"

मीटिंगमध्ये चहा आला आणि विषय संपला. प्रयोग साहेबांच्या आराखड्याप्रमाणे झाला. पुस्तकातला आकडाही शेवटी कुणी घातला नाही, कारण काहीच वजा न केलेला आकडा दिसायला अधिक गोंडस होता. 'औषध मज्जेत भरपूर पोचते' असं वाक्य तयार झालं. मॅडमनी सही करायला नकार दिला. सही दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांची झाली, त्यांनी आयुष्यात मांडीचं हाड ताटातच पाहिलं असेल. मी साहेबांकडे जाऊन बोलले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की, तुमचं करिअर अजून लांब आहे. धमकी इतक्या गोड आवाजात देता येते हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमवर कुणी ठपका ठेवला नाही. तेवढी हिंमत साहेबांत असती तर मॅडमना उत्तर तरी देता आलं असतं. त्यांना 'बढती' दिली. नव्याने लागणाऱ्या मुलांना हातमोजे कसे घालावेत, हात कसे धुवावेत, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडावं, हे शिकवायच्या खोलीत त्यांना बसवलं. ज्या बाईंनी आमच्या विभागाचं प्रत्येक माप स्वतः बसवलं, त्यांनी आग लागली तर बाहेर कसं जावं ते शिकवायचं! आग लावणारे आत वातानुकूलित खोलीत बसलेले. मॅडम तिथेही मन लावून शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं हातमोजे घातल्यावर आधी एकदा स्वतःचं बोट दाबून बघतात, किती जोर लागतो ते कळावं म्हणून. पण पिंजऱ्यांच्या खोलीत त्यांना जायला मिळत नसे. अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारा आमचा बबन खालुंब्र्याचा. तो मला विचारायचा, "ताई, म्याडम येत न्हाईत व्हय आता? जनावरं बिचकत्यात वो परक्या हाताला." मी काय सांगणार? म्हणायचे, मीटिंगमध्ये आहेत.

वर्ष सरायच्या आत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सामोसे. साहेब भाषणाला उभे राहिले. मॅडम म्हणजे कंपनीचा कणा, मॅडम म्हणजे शिस्त, मॅडम म्हणजे आमची मोठी बहीण, असं करत करत ते शेवटी आपल्या आवडीच्या जागी आले: "मित्रांनो, आमच्या वजा मॅडम आज आमच्यातून वजा होत आहेत!" टाळ्या पडल्या. माझ्या हातातला सामोसा चुरला गेला. ही त्यांची बहीण!

मॅडम बोलायला उठल्या. चष्मा वर सरकवला. "साहेब फार चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "फक्त रक्त वजा करायचं राहिलं." आणि खाली बसल्या. काही लोक हसले, सवयीने. साहेबही हसले. बबन मागे दाराशी उभा होता, तो हसला नाही.

पुढची गोष्ट अशी. औषधवाल्या कंपनीने तो रिपोर्ट परदेशातल्या तज्ज्ञांना दाखवला आणि तिकडून एका ओळीचा प्रश्न आला: मज्जेतल्या रक्ताची वजावट केली आहे का? साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, ती ओळ पडद्यावर दाखवली आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात खोल विचार! आपल्याकडे असा विचार करणारी माणसंच नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, होत्या. तुम्ही त्यांना हात धुवायला बसवलं होतं." खोलीत सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. साहेबांनी मला बाहेर काढलं नाही, कारण त्यांना माझी गरज होती. मॅडमचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

मी त्यांच्या केबिनमधून फोन लावला. साहेबांनी तो स्पीकरवर घेतला आणि आवाजात साखर घोळली. "मॅडम, आठवण आली तुमची. तेवढा तो रक्ताचा आकडा होता ना तुमच्याकडे?"

"आहे की," मॅडम म्हणाल्या. "पण कुठल्या उंदरांना लावणार?"

"त्याच. आपल्या त्या स्टडीतल्या."

"ते कुठे आहेत, साहेब?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"माझा आकडा औषध न दिलेल्या उंदरांचा आहे. औषधाने त्यांच्या नळीत काय झालं होतं ते त्यांनाच विचारायला हवं होतं, आणि ते गेले. मी म्हटलं होतं तुम्हाला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सगळं पुन्हा करावं लागलं, पहिल्यापासून. या वेळी रक्त मोजायचे उंदीर आराखड्यात होते आणि त्या पानावर 'तज्ज्ञांच्या मौलिक सूचनेनुसार' असं लिहिलं होतं. तज्ज्ञ म्हणजे परदेशातले, हे सांगायला नकोच. इथल्या बाईने आयुष्यभर मराठीत सांगितलं तेव्हा तो हेकटपणा होता, तिकडून इंग्रजीत आलं तेव्हा ती मौलिक सूचना झाली. नवे पिंजरे आले तेव्हा बबन मला म्हणाला, "पुन्यांदा तेच का वो ताई? आधीच्यांचं काय झालं मग?" शेपटीचं पाणी मी मनगट बुडवून बघत होते. पाय मी गोठवले, मज्जा मी काढली, आणि मध्ये आलेल्या साहेबांना कोपराने बाजूला सारलं. मग वजाबाकी केली.

ते सांगायला मी मोशीला गेले तेव्हा गणपती बसलेले होते. खाली मंडपात सोसायटीचं ध्वनिक्षेपकावर काहीतरी जोरात चाललं होतं. वर मॅडमच्या घरात वाफाळलेले मोदक केळीच्या पानावर निवत होते. त्यांनी माझ्याकडे वळूनही न पाहता विचारलं, "किती उरलं?"

"काहीच नाही, मॅडम. सगळं रक्ताचंच होतं. मज्जेत औषध मुरतच नाही."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा खुलेल. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं, आणि मी ती बातमी पेढ्यासारखी घेऊन आले होते. त्यांनी डोळे मिटले. मग नैवेद्याचं ताट घेऊन गणपतीपुढे बसल्या. मातीच्या उंदरासमोर त्यांनी चिमुकला मोदक ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला.

"दोन?" मी विचारलं.

"दोनदा मारलं ना आपण."

मला सहन झालं नाही. मी चांगली मोठ्यानेच ओरडले, खालच्या ध्वनिक्षेपकाच्या वर. "आपण? आपण कोण, मॅडम? तुम्ही तर नको म्हणत होतात! तुम्हाला हाकलून मारले त्यांनी! जगातल्या प्रत्येक आकड्यातून तुम्ही काही ना काही वजा केलंत. या 'आपण'मधून स्वतःला वजा करा की एकदा!"

"ते वजा होत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि निरांजनातली वात सारखी करायला लागल्या.